ट्रॅफिक पालटताना नेटवर्क प्रोसेसर तपासायचा, तर आधी ही तयारी

नेटवर्क प्रोसेसर म्हणजे पॅकेटं हाताळणारी चिप. ट्रॅफिक बदलेल तशी तिच्यातली इंजिनं एका कामावरून दुसऱ्यावर हलवणं तिला जमतं का, हे तपासायचंय. बोर्ड चालू करण्याआधी कागदावर हिशेब मांडून ठेवा. १० गिगाबिटच्या इथरनेटवर ६४ बाइटच्या फ्रेम (म्हणजे तारेवरची पॅकेटं) सलग आल्या तर दर ६७.२ नॅनोसेकंदांना एक येते. इंटेलचा जुना आयएक्सपी २८०० घेतलात, तर १.४ गिगाहर्ट्झवर तेवढ्या वेळात एका मायक्रोइंजिनाच्या (चिपमधल्या छोट्या प्रोसेसरच्या) वाट्याला जेमतेम ९४ क्लॉक सायकल येतात. त्यातल्या सोळा इंजिनांचे मिळून दीड हजार. आता फॉरवर्डिंगकडचं (पॅकेटं पुढे पाठवण्याच्या कामावरचं) एक इंजिन काढून एन्क्रिप्शनला द्यायचं ठरलं. म्हणजे ते थांबवा, हातातली पॅकेटं संपू द्या, नवा कोड भरा, पुन्हा चालू करा. फॉरवर्डिंगवर ते एकटंच असेल आणि या खटाटोपात नुसता १ मिलिसेकंद गेला, तरी दाराशी १४,८८० पॅकेटं येऊन थांबलेली असतात. तेवढी रांग बफरमध्ये मावते का, हे पहिलं बघा.

आरएफसी २५४४ (नेटवर्क उपकरणं मोजण्याची प्रमाण पद्धत) मधले ६४ ते १५१८ बाइटचे ठरावीक आकार पायाभूत मापाला ठीक. पण तिथे वेग स्थिर असतो, जुळवून घ्यायला काही उरतच नाही. म्हणून ट्रॅफिक स्वतः रचा: एकदम उसळणारं, हळूहळू सरकणारं आणि दोन कामांमध्ये झोके घेणारं. खरी परीक्षा तिसऱ्याची. झोक्याचा काळ प्रोसेसरच्या निर्णयाच्या काळाजवळ आणून बघा. इंजिनांची वाटणी हलते तोवर ट्रॅफिक परत फिरलेलं, वरातीमागून घोडं! प्रत्येक फेरीला तोच ट्रेस (ट्रॅफिकची साठवलेली नोंद) वाजवा.

मोजमाप मिलिसेकंदाला घ्या. मागे आम्ही दर सेकंदाची सरासरी काढली होती. आलेख टेबलासारखा सपाट, सगळे खूश. काउंटर बारीक वाचले तेव्हा करवतीचे दात दिसले. मात्र काउंटर वाचायलाही मेमरीची बस (डेटा ये-जा करण्याची वाट) लागते, तेव्हा वाचन बंद ठेवूनही एक फेरी घ्या.

तुलनेला इंजिनांची सगळ्यात चांगली स्थिर, म्हणजे कधीच न हलणारी, वाटणी शोधा, त्यासाठी एक दिवस गेला तरी चालेल. वाईट वाटणीपुढे काहीही जिंकतं. एकाच फ्लोची (एकाच संवादातली) पॅकेटं मागेपुढे होत नाहीत ना, हे अनुक्रमांक घालून पडताळा. आणि इंजिन बदलल्याच्या नोंदी नि पॅकेटांचे काउंटर एकाच घड्याळावर ठेवा, नाहीतर कोणता ड्रॉप (पॅकेट गळणं) कशामुळे झाला यावर संध्याकाळभर वाद.