परड्यातलं ड्रॅगन फ्रूट: श्रावण-भाद्रपदात काय करावं आणि फळ कधी उतरवावं

आषाढ सरत आला की सांगली-साताऱ्याच्या पूर्वेकडच्या जत, आटपाडी, माण, खटावकडच्या ड्रॅगन फ्रूटच्या झाडांवर कळ्यांची दुसरी-तिसरी खेप दिसू लागते. पहिल्या बहाराची फळं तोवर रंगावर आलेली असतात. फुलं इथून ऑक्टोबरपर्यंत टप्प्याटप्प्याने येत राहतील. कडेगाव तालुक्यातल्या तडसरची फळं जून २०२१ मध्ये दुबईला गेली, त्यानंतर या पिकाच्या एकरी हिशोबाबद्दल बोलणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. हा सल्ला त्यांच्यासाठी नाही. परड्यात एक-दोन खांब किंवा गच्चीवर अर्धा ड्रम असलेल्यांसाठी आहे.

घरी हे झाड लावण्याचा खरा फायदा एकच, चव. बाजारातलं फळ वाहतुकीत टिकावं म्हणून बऱ्याचदा लवकर उतरवतात, आणि हे फळ काढल्यावर पिकत नाही. आंबा आढीत गोड होतो, चिक्कू डब्यात मऊ पडतो; ड्रॅगन फ्रूट मात्र झाडावरून उतरलं तेव्हा जेवढं गोड, तेवढंच. दोन दिवस ठेवल्यावर रंग चढेल, साखर चढणार नाही. ‘सपक आहे, नुसतं दिसायला भारी’ अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुधा असंच घाईचं फळ खाल्लेलं असतं. त्यामुळे परड्यातल्या झाडाची सगळी कामं शेवटी एवढ्यासाठीच करायची: फळ पुरतं भरावं, आणि पिकेपर्यंत झाडावर टिकावं.

फुलाची रात्र

कळी दिसल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांत फूल उमलतं. अंधार पडल्यावर पाकळ्या सुटू लागतात, रात्री दहा-अकराला फूल पूर्ण उघडतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं की मिटतं. फळधारणेसाठी ही एकच रात्र. कळी फुगून पांढरी दिसायला लागली आणि टोक सैल वाटलं की त्या रात्री जागायची तयारी ठेवा.

पांढऱ्या गराचं झाड साधारणपणे स्वतःच्याच परागावर फळ धरतं. लाल गराच्या काही वाणांना दुसऱ्या वाणाचे पराग लागतात. ‘जंबो रेड’ या नावाने आपल्याकडे बरीच रोपं विकली जातात, पण नर्सरीतल्या चिठ्ठीवर फार विसंबू नका. झाडाला फुलं भरपूर आणि फळं तुरळक असतील तर परागीभवन बिघडतंय असं धरून चाला. रानात हे काम निशाचर पतंग, वटवाघळं आणि पहाटे मधमाश्या करतात. वस्तीत आणि तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर त्यांचा भरवसा नाही.

हाताने परागीकरण अवघड नाही. फुलात शेकडो पिवळे पुंकेसर असतात आणि मधून बाहेर आलेली, टोकाला चांदणीसारखी फाकलेली जाड स्त्रीकेसराची दांडी. कोरडा, मऊ ब्रश पुंकेसरांवर फिरवून पिवळी भुकटी वाटीत घ्या आणि त्या चांदणीवर चांगली माखा. रात्री नऊनंतर कधीही चालतं. झोप प्यारी असेल तर पहाटे, फूल मिटायच्या आत. शेजाऱ्यांकडे वेगळ्या गराचं झाड असेल तर परागांची देवाणघेवाण करा. दोघांची फुलं एकाच रात्री उमलली नाहीत तर कोरडे पराग लहान डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस चालतात. त्या रात्री पाऊस असेल तर फुलावर प्लॅस्टिकची पिशवी छत्रीसारखी उलटी अडकवा. पराग भिजले की काम संपलं.

चार-पाच दिवसांत कळेल. देठाकडचा फुगीर भाग हिरवा राहिला तर फळ धरलं. पिवळा पडला तर ते गळणारच, उगाच औषध मारू नका. फळ धरल्यावर सुकलेल्या पाकळ्या हलक्या हाताने ओढून काढाव्यात. पावसात त्या भिजून सडतात आणि कूज फळात उतरते. एका फांदीवर तीन-चार फळं धरली असतील तर एक, फार तर दोन ठेवा. हे घरच्या माणसांना पटवणं फुलाला जागण्यापेक्षा कठीण आहे.

पाणी, खत, कूज

पाऊस चालू असताना पाणी देऊच नका. हा निवडुंग आहे. मुळं वरच्या थरात पसरलेली असतात आणि काळ्या चिबड जमिनीत चार दिवस पाणी साचलं की बुंधा सडतो. आळं असेल तर ते मोडून बुंध्याला मातीची भर द्या, पाणी बाहेर पळू द्या. उघडीप पडली की बोटभर खोल माती चाचपून मगच पाणी. फळ रंग धरू लागल्यावर तर हात आखडाच. जास्त पाण्याने गोडी पातळ होते, आणि कोरड्या मातीवर एकदम धो धो पाणी पडलं की फळ तडकतं. पावसावर आपला हात नाही, म्हणून बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचं आच्छादन ठेवा, ओलावा एकसारखा राहतो. बुंध्याला मात्र पाचट चिकटू देऊ नका.

या दिवसांत युरिया नको. फांद्या माजतात आणि फळ सपक होतं. कुजलेलं शेणखत पुरे. द्राक्षबागायतदार ओळखीचा असेल तर त्याच्याकडून थोडं ०:०:५० (पालाशचं विद्राव्य खत) घेऊन लिटरला ५ ग्रॅम या हिशोबाने महिन्यातून एकदा मुळाशी द्यावं.

फांदीवर पिवळट, पाणीदार, वास मारणारा भाग दिसला की निरोगी हिरव्यापर्यंत कापून टाका, सुरी स्पिरिटने पुसा आणि जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी एक लिटर. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, आणि भांडं लोखंडाचं नको. कळीवर मुंग्या दिसल्या तर मागोमाग पिठ्या ढेकूण येतो. निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोडा साबण घालून, उमललेलं फूल वगळून फवारा. बुलबुल आणि साळुंक्यांना फळाचा रंग आपल्याआधी कळतो. त्यासाठी नायलॉनच्या जाळीची पिशवी. कागदी पिशवी या हवेत भिजून फळालाच कुजवते.

उतरवायचं कधी

फूल उमलल्यापासून साधारण ३० ते ३५ दिवस. तारीख पिशवीवर लिहून ठेवलेली बरी. साल हिरवी जाऊन लाल झाली म्हणजे फळ तयार, हा समज सोडा. पूर्ण रंग आल्यावर आणखी चार-पाच दिवस थांबा. सालीवरच्या खवल्यांची टोकं सुकायला लागतील आणि फळ दाबल्यावर किंचित, अगदी किंचित, दबेल. गच्च दगड असेल तर लवकर आहे. बोट रुततंय तर उशीर झाला. जोराचा पाऊस येणार असेल तर दोन दिवस आधी काढलं तरी चालेल, तडकलेल्या फळापेक्षा ते बरं. हाताने पिळून ओढू नका, सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) देठाचा थोडा भाग ठेवून कापा.

तासगाव-पलूसकडे प्रत्येक वाडीवस्तीवर कुणाकडे तरी द्राक्षाच्या रसाची गोडी मोजायचा ब्रिक्स मीटर असतोच. तो मागून आणा आणि फळाच्या मधला आणि कडेचा रस वेगळा तपासा. मध्यभाग नेहमी गोड निघतो, कडेचा गर फिका. मधला आकडा १३-१४ च्या पुढे गेला तर तुमचं फळ उत्तम उतरलं. द्राक्षाच्या १८ ची अपेक्षा मात्र ठेवू नका. या फळाची गोडी सौम्य आहे.

खाताना

फळ तासभर फ्रिजमध्ये ठेवा, मग उभं कापून चमच्याने खा. साल टाकायची, काळ्या बिया चावून खायच्या. पांढऱ्या गराला लिंबू आणि काळं मीठ हवंच. त्याशिवाय तो मुका वाटतो. लाल गर तसाच चांगला, दह्यातल्या कोशिंबिरीत तर गणपतीच्या पानावर शोभून दिसतो. पिवळ्या सालीचं, पांढऱ्या गराचं फळ कुठे मिळालं तर जरूर चाखा, तिघांत सर्वांत गोड तेच. लाल गर खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी किंवा शौच लालसर झाली तर घाबरू नका, तो फळातला रंग आहे. लेकराच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला तर निघणं अवघड, एवढं लक्षात ठेवा.

नवीन लावणाऱ्यांना

पूर्वेच्या कमी पावसाच्या पट्ट्यात आत्ता लावायला हरकत नाही. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या लोकांनी पाऊस उघडेपर्यंत थांबावं, किंवा कुंडी वळचणीच्या आत, पागोळ्या पडणार नाहीत अशी ठेवावी. माती, मुरूम आणि शेणखत समान भाग. मोडक्या द्राक्षबागेतला लोखंडी अँगल खांब म्हणून चालतो, पण उन्हाळ्यात तापून फांदी भाजतो, त्याला गोणपाट गुंडाळा. गच्चीवर अर्धा ड्रम भरून ओला झाला की शंभर किलोच्या वर जातो. तो भिंतीच्या किंवा बीमच्या डोक्यावरच ठेवा.

रोप विकत घेण्यापेक्षा ज्याचं फळ खाऊन आवडलं त्याच्याकडून फांदी मागा. वर्षभर जुनी, गडद हिरवी, फूट-दीड फुटाची घ्या आणि सावलीत पाच-सात दिवस सुकवून काप भरू द्या. ताजी लावली तर सडते. बुंध्याकडचं टोक तिरकं कापून आणा, म्हणजे लावताना वर-खाली होणार नाही. अशा फांदीला दीड-दोन वर्षांत फळ येतं. बीपासून वाढवायला गेलात तर चार-पाच वर्षं वाट पाहावी लागते, आणि फळ आईसारखंच निघेल याची खात्री नाही.