वर्ड प्रोसेसरशिवाय मराठी प्रबंध कसा लिहावा

प्रबंधासारखे दीर्घ लेखन वर्ड प्रोसेसरमध्ये करताना आशय आणि मांडणी यांकडे एकाच वेळी लक्ष द्यावे लागते, आणि लेखकाचा बराच वेळ शीर्षकांचे आकार व समास जुळवण्यातच जातो. त्याऐवजी मजकूर साध्या फाइलमध्ये लिहावा आणि मांडणी शेवटी संगणकाकडून करून घ्यावी.

लिहिण्यासाठी नोटपॅडसारखा कोणताही एडिटर चालतो. मात्र टंकन युनिकोडमध्ये असावे आणि फाइल यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवण्याची प्रमाण पद्धत) स्वरूपात जतन करावी. जुना मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये असल्यास तो आधी रूपांतरित करून अक्षरशः वाचून काढावा, कारण रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरे हमखास तिथेच बिघडतात.

मांडणीच्या खुणांसाठी जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मांडलेली मार्कडाउन ही पद्धत पुरते. ओळीच्या आरंभी # दिल्यास प्रकरणाचे शीर्षक होते, ## दिल्यास उपशीर्षक. शब्दाच्या दोन्ही बाजूंना **  दिल्यास तो ठळक होतो. प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी ठेवावी. तळटिपेसाठी मजकुरात [^१] आणि खाली [^१]: लिहून टीप द्यावी, ही सोय मूळ मार्कडाउनमध्ये नाही, ती पॅनडॉक या पुढे सांगितलेल्या प्रोग्रॅममध्ये आहे.

पॅनडॉक हा मोफत प्रोग्रॅम (त्याचे कर्ते जॉन मॅकफार्लेन हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत) त्याच फाइलींपासून पीडीएफ, ई-पुस्तक किंवा वर्डची फाइल तयार करतो. पीडीएफसाठी सहसा संगणकावर लाटेक ही अक्षरजुळणीची प्रणालीही असावी लागते, आणि मराठी लेखक नेमका इथे अडतो: पॅनडॉक एरवी वापरतो ते लाटेकचे पीडीएफलाटेक हे इंजिन देवनागरी हाताळत नाही, म्हणून झीलाटेक हे इंजिन आणि आयआयटी मुंबईच्या शोभिकासारखा देवनागरी फाँट स्पष्टपणे नमूद करावा. फाँटच्या पर्यायांत लिपी देवनागरी असल्याचीही नोंद करावी. ती राहिली, तर जोडाक्षरे सुटी पडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते.

ज्या प्रबंधात मोठी, विलीन रकाने असलेली कोष्टके पानोपानी आहेत, त्यासाठी मात्र ही पद्धत त्रासदायकच आहे. मार्गदर्शक वर्डमध्येच दुरुस्त्या करत असतील, तर त्यांना पॅनडॉकने काढलेली वर्डची प्रत द्यावी आणि त्यांच्या सूचना मूळ मार्कडाउन फाइलमध्ये हाताने उतरवाव्यात. दोन्ही प्रतींवर समांतर काम करू नये.