शहरातल्या पोराला मे महिन्यात गावी पाठवताय? मग हे वाचा

मी गुहागर तालुक्यात दहावीपर्यंत वाढलो, माझा मुलगा डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर वाढतोय. त्याला गाव कळावं असं फार वाटतं म्हणून चार वर्षं झाली मे महिन्यात पाठवतो, त्यातून जे जमलं ते सांगतो.

दोन-चार दिवसांसाठी पाठवू नका. तेवढ्यात पोरगं पाहुणाच राहतं, काकी आयतं ताट वाढते आणि तो मोबाईल घेऊन बसतो. तीन आठवडे तरी ठेवा, आणि तुम्ही सोबत राहू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला रोजचं एक काम द्या, फक्त त्याचंच. आमच्याकडे त्याला आढी बघायला दिलीय. माळ्यावर पेंढ्यात आंबे घातलेले असतात, सकाळी वरचा पेंढा हलकेच बाजूला करायचा, पिकलेले काढायचे, नासका दिसला की लगेच बाहेर नाहीतर शेजारचे पण जातात. पहिल्या वर्षी ह्याने दाबून दाबून बरेच आंबे खराब केले. आई ओरडली नाही, तिने आंबा त्याच्या नाकाशी धरला आणि म्हणाली, "बाळा, वास घे, बोट लावू नको." आता कुठला आज काढायचा आणि कुठला दोन दिवसांनी, ते तो वासावर सांगतो.

काळजी दोनच गोष्टींची. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागला की भाजतं, म्हणून आंबा आधी पाण्यात टाकायचा. आणि फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, ते पालापाचोळ्यात दिसतच नाही, त्यामुळे पायात बूट, रात्री टॉर्च, आणि चावलंच तर मंत्रबिंत्र नाही, १०८ ला फोन करून सरळ सरकारी दवाखाना.

"शहरातली पोरं कच्ची" असं कोणी त्याच्यासमोर बोललं तर तिथल्या तिथे थांबवा, मुलं ते धरून बसतात.

आणि येताना चुलतभावाला पण आठ दिवस घेऊन या, हे मला खरंच पटलंय. विहिरीचा रहाट त्याने ह्याला शिकवला, लोकल ह्याने त्याला शिकवली, म्हणजे फास्ट घाटकोपरला थांबते विक्रोळीला नाही, प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार ते आधीच विचारायचं वगैरे. दोघांना एकेक गोष्ट दुसऱ्यापेक्षा जास्त येते, त्यामुळे भांडणं पण कमी.

चिपळूणपर्यंतचं रेल्वेचं रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी सकाळी करा, येतानाची तिकिटं दोघांची.