टिकाऊ काँक्रीटवर रिसर्च करायचाय? पुण्यातला माझा अनुभव

दरवर्षी एम.टेक.च्या ॲडमिशन झाल्या की ज्युनियर विचारतात, दादा सस्टेनेबल काँक्रीट टॉपिक घेऊ का, लवकर होतो का? म्हणून एकदाच नीट लिहितो. मी पुण्यातच एम.टेक. केलं, आता पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे आणि विषय तोच, कमी सिमेंटचं पण टिकणारं काँक्रीट.

सिमेंट कमी का करायचं ते तर माहीतच असेल. चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टीच्या इंधनाचा वेगळा. म्हणून त्याच्या काही भागाऐवजी फ्लाय ॲश (कोळशाच्या वीजकेंद्रातली राख), स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) आणि आता एलसी-थ्री हे सिमेंट, म्हणजे साधारण ५० टक्के क्लिंकर (भट्टीतून निघणारे सिमेंटचे मूळ खडे), ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के चुनखडी आणि बाकी जिप्सम, २०२३ मध्ये त्याचं आयएस १८१८९ हे मानकही आलं. पण सिमेंट वाचवून बांधलेल्या पुलाचे वीस वर्षांत पोपडे निघाले, सळया उघड्या पडल्या आणि तो परत बांधावा लागला तर वाचवलेलं सगळं व्याजासकट गेलं ना. त्यामुळे नुसती क्यूबची, म्हणजे काँक्रीटच्या चाचणीच्या ठोकळ्याची, स्ट्रेंग्थ काढून थिसिस संपवू नका, कळकळीने सांगतोय.

फ्लाय ॲशचं काँक्रीट सुरुवातीला मंद असतं, २८ दिवसांना आकडा कमी दिसतो आणि पोरं तिथेच हिरमुसून मिक्स, म्हणजे घटकांचं प्रमाण, बदलतात. थांबा. ९० आणि १८० दिवसांचे क्यूब फोडल्याशिवाय काहीच ठरवू नका. मेमध्ये लिहायला बसायचं असेल तर कास्टिंग, म्हणजे क्यूब ओतणं, ऑक्टोबरातच संपलं पाहिजे, हे मागून पुढे मोजा. पाच मिक्स, चार वयं, प्रत्येकी तीन क्यूब म्हणजे साठ क्यूब, एक साधारण आठ किलोचा, जवळजवळ अर्धा टन माल तुम्हीच उचलणार आहात, आणि क्युरिंग टँकमध्ये (क्यूब पाण्यात ठेवायच्या टाकीत) जागा आहे का ते लॅबमधल्या मामांना आधी विचारा. ती माणसं वीस-वीस वर्षं काँक्रीट बघतायत, मिक्स फिरताना नुसतं बघून पाणी जास्त झालं हे त्यांना कळतं.

मला ते नाही कळलं. पहिल्या वर्षी जुलैत वाघोलीकडून आलेली क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) ताडपत्रीखाली होती, ताडपत्री एका कोपऱ्यातून उडालेली, आणि मी ओल न तपासता कागदावरचं पाणी जसंच्या तसं ओतलं. स्लम्प कोन, म्हणजे ओलं काँक्रीट किती घट्ट आहे ते बघायचा शंकूसारखा साचा, उचलला तर ढीग उभाच राहिना, सगळं पसरलं. मामा म्हणाले, "सर, वाळू हातात धरून बघा." मुठीत दाबली तर लाडू वळला. नंतर ओव्हनमध्ये वाळवून मोजलं तर सात टक्के ओल, त्यातलं दोन टक्के वाळू स्वतः शोषते असं धरलं तरी घनमीटरला ७०० किलो वाळूमागे ३५ लिटर पाणी फुकट आत गेलं. म्हणजे ३५५ किलो सिमेंटला १६० लिटरच्या जागी १९५, वॉटर-सिमेंट रेशो ०.४५ वरून थेट ०.५५. सगळी बॅच फेकली. तेव्हापासून कास्टिंगच्या दिवशी सकाळी आधी ओल काढतो, पाऊस असो नसो.

आता टेस्ट कोणत्या घ्यायच्या. बहुतेक जण आरसीपीटी (रॅपिड क्लोराइड पर्मिएबिलिटी टेस्ट) घेतात, ५० मिलिमीटर जाडीची चकती, ६० व्होल्ट, सहा तास, आरपार किती कूलॉम वीज गेली ते मोजायचं. चांगली आहे, पण ती क्लोराइडसाठी, म्हणजे समुद्राच्या मिठातून आत शिरून सळई गंजवणाऱ्या घटकासाठी, आणि पुण्याला समुद्र नाही. इथे मला कार्बोनेशन महत्त्वाचं वाटतं. काँक्रीटचा पीएच १३ च्या आसपास असतो म्हणून सळई सुरक्षित राहते, हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून तो ९ च्या खाली आणतो आणि गंज सुरू होतो. क्यूब फोडून ताज्या तुकड्यावर फेनॉल्फ्थॅलीन (पीएच रंगावरून दाखवणारं रसायन) मारा, मधला भाग गडद गुलाबी होतो आणि कडेची पट्टी राखाडीच राहते, तेवढं काँक्रीट सळईचं राखण करायचं थांबलेलं असतं. मी पहिल्यांदा ती राखाडी पट्टी फूटपट्टीने मोजली तेव्हा खरं तर हा विषय कळला मला. आणि गोम अशी की सिमेंट कमी केलं की पीएच टिकवणारा आतला चुनाही कमी होतो, म्हणून क्लोराइडला छान अडवणारं मिक्स कार्बोनेशनला बरेचदा कमी पडतं. हा तिढा सोडवण्यात अजून भरपूर काम बाकी आहे, टॉपिक हवा असेल तर इथे शोधा.

आणि एक, साइटवर जा. बाणेर, हिंजवडी कुठेही. लॅबमध्ये आपला क्यूब २७ डिग्रीच्या पाण्यात आरामात पडलेला असतो आणि तिकडे एप्रिलमध्ये कॉलमवरचं गोणपाट दुपारी बारालाच कोरडं ठाक. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक साध्या सिमेंटला किमान सात दिवस क्युरिंग सांगतं, फ्लाय ॲशवाल्याला दहा, म्हणजे ज्याला पाणी जास्त दिवस लागतं तेच मिक्स आपण सुचवतोय. मी आता प्रत्येक मिक्सचे तीन क्यूब तिसऱ्या दिवशीच टँकमधून काढून गच्चीवर उन्हात ठेवतो, टँकमधल्यांच्या शेजारी त्यांचाही रिझल्ट लिहितो. गाईडना आधी हे जास्तीचं काम वाटलं होतं, आता तेच पुढच्या बॅचलाही हे करायला लावतात.