घरच्या बागेसाठी काकडीचे वाण कसे निवडावे

काकडीचे वाण निवडताना बियाण्याच्या पाकिटावरील छायाचित्राचा उपयोग फारच थोडा होतो. त्यावरून फळाचा रंग आणि आकार कळतो. परंतु वेलाला फळ धरण्यासाठी मधमाशी लागते की नाही, तो जुलैच्या पावसात तग धरेल की केवडा या पानांच्या रोगाने पिवळा पडेल आणि पुढील वर्षासाठी त्याचे बी घरी धरता येईल का, हे प्रश्न अनुत्तरितच राहतात. म्हणून आधी आपली जागा आणि हंगाम पाहावा, मग वेलाच्या फुलांची जात समजून घ्यावी आणि फळाच्या रंगरूपाचा विचार शेवटी करावा.

यांपैकी फुलांची बाब सर्वांत महत्त्वाची असूनही तिच्याकडेच अधिक दुर्लक्ष होते. आपल्याकडील बहुतेक पारंपरिक आणि सुधारित वाणांत एकाच वेलावर नर आणि मादी अशी दोन्ही फुले स्वतंत्रपणे येतात. मादी फुलाच्या पाकळ्यांमागे बोटाच्या पेराएवढी, बारीक लव असलेली काकडी सुरुवातीपासूनच दिसते. नर फूल मात्र नुसत्या बारीक देठावर उभे असते. अशा वेलावर आधी बरेच दिवस फक्त नर फुले येतात आणि गळतात, त्यामुळे ‘फुले भरपूर, पण काकडी एकही नाही’ अशी तक्रार कानी येते. ही वाणाची खोड नव्हे, वेलाचा तो स्वभावच आहे. कडक उन्हाळ्यात, दिवस मोठा आणि तापमान चढे असताना, नर फुलांचे प्रमाण आणखी वाढते.

दुसऱ्या प्रकारच्या संकरित वाणांत जवळजवळ सर्व फुले मादी असतात. उत्पन्न लवकर आणि भरघोस येते, मात्र परागासाठी शेजारी नर फुले असणारा एखादा वेल लागतो. तिसरा प्रकार परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या, बिनबियांच्या काकडीचा. हरितगृहात पिकणारी, बाजारात ‘इंग्लिश काकडी’ म्हणून मिळणारी लांब, पातळ सालीची काकडी याच प्रकारात मोडते. उंच इमारतीच्या बाराव्या मजल्यावर, जिथे मधमाश्या क्वचितच फिरकतात, तिथे हा तिसरा प्रकार घेण्यात शहाणपण आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा सीडलेस काकडी-६’ हे अशा काकडीचे आपल्याकडील उदाहरण होय. उलट, अंगणात किंवा झाडांनी वेढलेल्या बंगल्याच्या गच्चीवर त्यासाठी महागडे बियाणे आणण्याचे कारण मला दिसत नाही. तिथे मधमाश्या भरपूर असतात आणि त्यांनी आणलेल्या परागामुळे या वाणाच्या फळांत बिया धरून ती वेडीवाकडी होण्याचीही शक्यता असते.

मधमाश्या कमी असूनही पारंपरिक वाणच लावायचे असेल, तर सकाळी लवकर ताजे नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधला परागयुक्त भाग त्याच दिवशी उमललेल्या मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. दुपारपर्यंत फूल मिटू लागते आणि मग हा उपाय फारसा साधत नाही.

महाराष्ट्रातील हवामानासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वाणांपासून सुरुवात करावी, असे मला वाटते. त्यांतील ‘हिमांगी’ हा वाण ‘पुना खिरा’ आणि ‘कल्याणपूर अगेती’ यांच्या संकरातून निवडलेला आहे. त्याची फळे पांढरी आणि कुरकुरीत असतात आणि काढणीनंतर किंवा वेलावर थोडी जास्त राहिल्यास सालीवर पडणारा तांबूस डाग त्यांवर सहसा येत नाही. घरच्या बागेत हा गुण विशेष मोलाचा आहे, कारण तिथे रोज तोडणी होतेच असे नाही. त्याच विद्यापीठाचा ‘फुले शुभांगी’ हा हिरव्या फळांचा वाण भुरी रोगाला, म्हणजे पानांवर पिठासारखा पांढरा थर आणणाऱ्या रोगाला, बऱ्यापैकी तोंड देतो. ‘पुना खिरा’ हा जुना वाण लवकर येतो आणि उन्हाळ्यात चांगला फळतो. त्याची फळे हिरवट-पिवळी असून पुढे तपकिरी होत जातात, म्हणून ती कोवळीच तोडावी लागतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर, जिथे पाऊस जास्त आणि उताराची जमीन हलकी असते, तिथे ‘शीतल’ हा वाण घ्यावा. पेरणीपासून सुमारे ४५ दिवसांत त्याला फळे लागतात आणि कोवळे फळ साधारण २०० ते २५० ग्रॅम वजनाचे असते.

‘जपानी लाँग ग्रीन’ आणि ‘पुसा संयोग’ ही नावेही बियाण्यांच्या याद्यांत वारंवार दिसतात. हिमाचल प्रदेशातील कटराईन येथील केंद्रातून आलेले हे लांब फळांचे वाण थंड डोंगराळ हवेला मानवतात. मार्च-एप्रिलमधील विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

हंगामाचा हिशेब साधा आहे. जानेवारीअखेर ते मार्च या काळात पेरलेल्या काकडीला पाण्याचा ताण सोसावा लागतो, तर जून-जुलैच्या काकडीला केवडा आणि फळमाशी यांच्याशी झगडावे लागते. पावसाळ्यासाठी वाण निवडताना केवड्याला प्रतिकारक असल्याचा पाकिटावरील उल्लेख अवश्य पाहावा आणि वेल जमिनीवर न सोडता ताटीवर किंवा मांडवावर चढवावा. कुंडीत लावायचे असल्यास दीड फूट खोलीची कुंडी किंवा तेवढीच ग्रो बॅग घ्यावी. झुडपासारखे आखूड वाढणारे ‘स्पेसमास्टर’सारखे परदेशी वाण कुंडीला सोयीचे असतात, पण सहज मिळाले तरच घ्यावेत, कारण साधा वेलही सुतळीवर उभा चढवला तर तितक्याच जागेत मावतो.

आता स्वयंपाकघर. कोचवलेल्या खमंग काकडीला आणि कोशिंबिरीला लहान बियांची, पाणी कमी सुटणारी कोवळी फळे हवीत, आणि ती ‘हिमांगी’ किंवा ‘शीतल’पासून मिळतात. धोंडस किंवा गोव्याची तवसळी हे काकडीचे गोड पदार्थ करायचे असतील, तर मात्र तवसे, म्हणजे मोठी, जून होऊ देण्याची काकडीच लावावी. पावसाळ्यात मांडवावर वाढणारे हे फळ पिवळे होईपर्यंत ठेवतात. त्याचा किसलेला गर रवा, गूळ आणि खोबऱ्यात चांगला मिळून येतो. सॅलडची पातळ काकडी त्या जागी वापरली, तर पदार्थ पाणचट होतो.

कडूपणाची भीती बाळगून अनेक जण वाण बदलत राहतात. कुकुर्बिटासिन नावाची द्रव्ये त्याचे कारण असतात आणि ऊन व पाण्याची ओढाताण झाली की ती वाढतात. देठाकडील भागात आणि सालीखाली ती अधिक असतात. त्यामुळे आधी पाणी नियमित करावे आणि तरीही फळे कडूच निघाली, तर दुसरा वाण पाहावा.

बियाणे घेताना पाकिटावरील चाचणीची तारीख आणि उगवणशक्ती वाचावी. रंग लावलेल्या बियाण्याला बहुधा बुरशीनाशक चोळलेले असते, म्हणून ते मुलांच्या हाती देऊ नये. संकरित वाणाचे बी पुढील वर्षी तसेच फळत नाही; ‘हिमांगी’सारख्या सरळ वाणाचे मात्र घरी धरता येते, अट एवढीच की त्या हंगामात आसपास दुसऱ्या वाणाची काकडी असू नये. खरबूज किंवा वाळूक शेजारी असल्यास चालते, कारण त्यांचा काकडीशी संकर होत नाही. निरोगी वेलावरील एक-दोन फळे पूर्ण पिकून तपकिरी-पिवळी होऊ द्यावीत, गरासह बी एक-दोन दिवस भांड्यात आंबवून धुवावे, तरंगणारे टाकून बुडालेले सावलीत वाळवावे आणि कागदी पाकिटात भरून त्यावर वाणाचे नाव व महिना लिहून ठेवावा.