माउंटडी: आधी पोर्ट पक्का, मग एक्स्पोर्ट्स

एनएफएस म्हणजे एका मशीनवरच्या फाइली नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला वापरू देणारी पद्धत. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत क्लायंटची माउंट-विनंती (डिरेक्टरी जोडून घेण्याची मागणी) सर्व्हरवरच्या आरपीसी डॉट माउंटडी या डेमनकडे, म्हणजे मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे येते. क्लायंट परवानगीच्या यादीत असेल, तर माउंटडी त्या डिरेक्टरीचं फाइल हँडल (तिची ओळखखूण) देतो आणि बाजूला होतो. पुढचं वाचन-लेखन कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) एनएफएसडी २०४९ पोर्टवरून सांभाळतो. चौथ्या आवृत्तीत वेगळी माउंट-विनंती नसते, तरी लिनक्सवर माउंटडी सहसा चालू ठेवतात, कारण कुणाला काय द्यायचं हे कर्नल त्यालाच विचारतो.

डेबियन-उबुंटूवर एनएफएस-कर्नल-सर्व्हर, रेड हॅट-फेडोरावर एनएफएस-यूटिल्स हे पॅकेज टाका. एनएफएस-सर्व्हर ही सर्व्हिस सुरू केली की माउंटडीही उठतो.

आता पोर्ट. तो कुठेच नेमून दिलेला नसेल, तर माउंटडी प्रत्येक रीस्टार्टला मिळेल तो पोर्ट धरतो आणि फायरवॉलचा कालचा नियम आज निकामी होतो. ईटीसीमधल्या एनएफएस डॉट कॉन्फ फाइलच्या माउंटडी विभागात पोर्ट २००४८ लिहा, सर्व्हिस रीस्टार्ट करा, आणि आरपीसीइन्फो -पी चालवून १००००५ या प्रोग्रॅम क्रमांकापुढे तोच पोर्ट दिसतो का बघा. फायरवॉलमध्ये १११ (कोणती आरपीसी सेवा कुठल्या पोर्टवर आहे ते सांगणारा), २०४९ आणि २००४८ (२०४८० नव्हे) उघडा; आकड्यांची ही अदलाबदल सहज होते. तिसऱ्या आवृत्तीत फाइल-लॉक लागणार असतील, तर स्टॅटडी आणि लॉकडी या लॉक सांभाळणाऱ्या सेवांचे पोर्टही असेच नेमावे लागतात.

ईटीसीमधल्या एक्स्पोर्ट्स फाइलमध्ये कोणती डिरेक्टरी कुणाला द्यायची ते लिहितात. तिथली ओळ अशी:

/एसआरव्ही/डेटा १९२.१६८.१.०/२४(आरडब्ल्यू,सिंक)

पत्ता आणि कंस यांत जागा नको. एक स्पेस पडली, की त्या नेटवर्कला फक्त वाचनाचा हक्क उरतो आणि लेखनाचा हक्क साऱ्या जगाला मिळतो. बदलानंतर एक्स्पोर्टएफएस -आरए (बदल लागू होतो), मग एक्स्पोर्टएफएस -व्ही (प्रत्यक्ष लागू असलेली यादी दिसते). फाइलपेक्षा या दुसऱ्या कमांडच्या उत्तरावर विश्वास ठेवा.

‘ॲक्सेस डिनाइड’ आलं तर सर्व्हरचा लॉग उघडा. ‘अनमॅच्ड होस्ट’ म्हणजे क्लायंट यादीत बसला नाही. एक्स्पोर्ट होस्टनावाने दिला असेल तर उलटा डीएनएस (आयपीवरून नाव शोधणं) तपासा, नाहीतर सरळ आयपी लिहा. ‘इल्लीगल पोर्ट’ दिसलं तर क्लायंट १०२४ किंवा त्यावरच्या पोर्टवरून येतोय. नॅटमागच्या (मध्ये पत्ता-पोर्ट बदलला जाणाऱ्या) मशीनचं हे नेहमीचं. तिथे त्या एक्स्पोर्टपुरता इनसिक्युअर पर्याय लावा.

शोमाउंट -ई (सर्व्हरची एक्स्पोर्ट-यादी दाखवणारी कमांड) अडकलं म्हणून सर्व्हर बंद समजू नका. ती कमांड माउंटडीलाच विचारते. फक्त २०४९ उघडा असेल तर ती अडकते, पण चौथ्या आवृत्तीचा माउंट व्यवस्थित होतो.