म्हातारपणीच्या गुडघेदुखीवर तेल आणि शेक

सकाळी गुडघे आखडतात, जिना उतरताना कटकट वाजतात. आयुर्वेद याला संधिगत वात म्हणतो. दोन चमचे तिळाचे तेल वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवा. थेट गॅसवर तापवले की अंदाज चुकतो आणि उतारवयातल्या पातळ कातडीला चटका बसतो. जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्या. मांडी आणि पोटरीवर लांब, सांध्याभोवती गोल हात फिरवा. 10 मिनिटे पुरेत. गुडघ्याच्या वाटीवर जोर नको, रगडल्याने दुखणे वाढतेच.

मग निर्गुडीचा पाला उकळून त्या पाण्यात फडके पिळून 10 मिनिटे शेका. मधुमेहात पाय बधिर असू शकतात, म्हणून फडक्याची ऊब दुसऱ्याने मनगटावर पाहावी. शेवटी तळवे कोरडे पुसा. तेलकट पायाने न्हाणीघरात घसरणे गुडघेदुखीपेक्षा महागात पडते.

गुडघा लाल, गरम, सुजलेला असेल तर तेल लावूच नका, आधी तपासून घ्या. आमवातात, म्हणजे सांधे सुजून आखडणाऱ्या विकारात, तेलाने त्रास वाढतो असे वैद्य मानतात. तिथे गरम वाळूच्या कोरड्या पुरचुंडीने शेकतात. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली तर मुळीच चोळू नका, लगेच डॉक्टर गाठा: रक्ताची गुठळी असू शकते.